चुलबंदच्या रेतीतला अर्धा फळा

चुलबंद नदीच्या रेतीतून मी तुमच्याशी बोलतोय. आधी माझी थोरवी ऐकून घ्या. या नदीत फसलेल्या तीनशे गाड्या मी एकट्याने बाहेर काढल्या आहेत.

एकट्याने म्हणजे, काढतो बिसराम. मी चाकाखाली पालथा पडून असतो. आणि तीनशे हा आकडाही फार मनावर घेऊ नका. माझं गणित कच्चं आहे. त्यात माझा दोष नाही, मला मधोमध करवतीने कापलेलं आहे.

मी शाळेतला फळा आहे, पण अर्धा. इकडे ळ कोणाच्या जिभेवर टिकत नाही, म्हणून मला सगळे 'फरा' म्हणतात. नाव अर्धं बदललं, अंग अर्धं राहिलं, शिक्षणही अर्धंच झालं. तरी तोरा पुरता आहे.

मूळचा मी साग. इटियाडोहच्या धरणाचं पाणी जिथवर चढणार होतं तिथली झाडं आधीच तोडली, त्यांत मी होतो. म्हणजे बुडायचा तो वाचलो, आणि पुढे जन्मभर दुसऱ्यांना बुडण्यातून काढत राहिलो. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. खरं तर मला कोणी काही विचारलं नव्हतं. झाडाला कोण विचारतं?

सुताराने माझ्या फळ्या जोडल्या, वरून काळा रंग दिला आणि मला गावच्या शाळेत टांगलं. तिथे मी पस्तीस वर्षं काढली. एवढ्या वर्षांत पोरं चौथी पास होऊन निघून जायची आणि मी पुन्हा पहिलीत. खोड्या मात्र मी खूप केल्या. दमट दिवसांत मी खडू धरत नसे. गुरुजींनी आठ लिहिला की त्यातला अर्धा गिळून टाकायचो आणि पोरं बिचारी दुसरंच काही उतरवून घ्यायची. माझ्या चौकटीला एक खिळा होता. तपासणीला आलेल्या तीन साहेबांच्या बाह्या मी त्या खिळ्याने फाडल्या. चौथा साहेब येणार म्हणून गुरुजींनी खिळा ठोकून आत बसवला, तर तो साहेब अख्खा वेळ हात खिशात घालूनच उभा राहिला. आधीच्या तिघांनी त्याला सांगून ठेवलं असणार.

मग शाळेत विजेवर चालणारा फळा आला. वीज जाते तेव्हा तोही माझ्यासारखाच काळा दिसतो, पण मान त्याचा मोठा. मला बाहेर काढून भिंतीशी उभं केलं. मला मागणारे दोघं निघाले, एक बिसराम आणि दुसरा त्याचा शेजारी ईश्वरदास. सरपंच न्यायी माणूस. त्याने करवत मागवली.

कापलं त्या दिवशी माझ्या अंगावर शेवटचं गणित तसंच होतं. डाव्या बाजूला प्रश्न, उजव्या बाजूला उत्तर. ईश्वरदासच्या वाट्याला उत्तर गेलं. त्या अर्ध्याचं त्याने बकऱ्यांच्या कोठ्याला दार केलं, आणि गावात म्हणतात की त्याच्या बकऱ्या भारी हुशार आहेत. माझ्याकडे नुसते प्रश्न उरले. हौद किती वेळात भरतो, आगगाडी पूल केव्हा ओलांडते, यातलं मला अजून काही कळलेलं नाही.

बिसराम साठीच्या पुढचा, उन्हात वाळवलेल्या मिरचीसारखा माणूस. पावसाळ्यात बांधीत, म्हणजे खाचरात, धान, आणि पाणी ओसरलं की नदीच्या पात्रात टरबुजाची वाडी. सोबत त्याची बायको रुख्मिणी. पात्राच्या कडेला त्यांची तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, खोपडी आहे. वेलांना फळ धरायला लागलं की रानडुकरं येतात, म्हणून मुक्काम तिथेच. मला त्या खोपडीचं दार केलं. अर्धा फळा दाराला पुरत नाही, त्यामुळे खालून कुत्रं येतं आणि वरून वारा. पण रुख्मिणीने कुरकुर केली नाही. ती म्हणाली, "निदान मधून तं कोनी येत नाई."

दाराची नोकरी मला महिनाभरच लाभली. एके दिवशी एक जीप रेतीत बसली. बिसरामने आजूबाजूला पाहिलं, फळी कुठेच नव्हती. मग मी दिसलो.

"दार काढून राहिलो व," त्याने आत आवाज दिला.

"मी झोपून हावो ना जी आतमंदी."

"तू झोप. तुले नाई काढत, दार काढतो."

तेव्हापासून मी अर्धा वेळ दार आणि अर्धा वेळ रस्ता.

चाकाखालून माणूस फार चांगला दिसतो. गाडी फसली की आधी तो जोरात रेस करतो. मग उतरून चाकाला लाथ मारतो, जसं काही चाकानेच हा रस्ता निवडला होता. मग फोन हातात धरून गोल गोल फिरतो. शेवटी 'इकडून जवळ पडतं' हे कोणी सांगितलं त्याचा शोध सुरू होतो, आणि ते बहुतेक वेळा त्याने स्वतःच सांगितलेलं असतं. मोठ्या गाडीवाल्याची गोष्टच वेगळी. 'ही गाडी फसूच शकत नाही,' असं तो सांगतो. सांगताना गाडी दरवाज्यापर्यंत रेतीत असते.

बिसराम कोणाला हसत नाही. त्याची रीत ठरलेली आहे. आधी सामान उतरवायचं आणि चाकांची हवा निम्मी सोडायची, म्हणजे चाक पसरतं आणि रेतीवर बसतं. मग चाकापुढची रेती हाताने ओढून उतार करायचा, त्यावर दोन घागरी पाणी, कारण ओली रेती वजन धरते आणि कोरडी रेती वजन खाते. मग त्या उतारावर मी. आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हरला सांगायचं, 'पाय असा ठेव का खाली अंडं हाय.'

हे शेवटचं कोणी ऐकत नाही, आणि तिथेच माझी चैन असते. रेस जोरात दिली की चाक मला धरत नाही, मागे फेकतं. मी रेतीतून सुसाट सुटतो आणि मागे जो उभा असेल त्याची नडगी शोधतो. आजवर मी एक तलाठी, दोन ठेकेदार आणि नवरदेवाचा एक मामा यांना प्रसाद दिला आहे. मामा त्या लग्नात नाचला नाही. वरातीतल्या लोकांनी माझे उपकार मानले.

आता त्या दिवसाचं सांगतो. यंदाच्या माघातला दिवस. नदीपलीकडच्या गावात शंकरपट होता, बैलांच्या शर्यती, आणि आमच्याकडे पट म्हटला की रात्री नाटक आलंच. सकाळपासून बैल, गाड्या, माणसं, सगळं गाव पलीकडे गेलं. नदीवर राहिलो आम्ही तिघं.

"आज नाटक हाय," वेलांखाली तणस सारता सारता रुख्मिणी म्हणाली.

"हाय," बिसराम म्हणाला.

"मले जावाचं हाय."

"अना वाडी?"

"तुमी हा ना."

"मी गाड्या पाहू का डुकरं पाहू? पटाचा दिस हाय. गाड्या फसतीन."

"अकरा वर्सं झाले जी. दर पटाले गाड्याच फसतेत."

"पुढल्या साली जाजो."

रुख्मिणीने पुन्हा तणस सारायला घेतलं. पण त्यात वेलांना जे हिसके बसू लागले, ते वेलांसाठी नव्हते. आणि बिसरामची एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो. या अकरा वर्षांत त्याने स्वतः चार नाटकं पाहिली आहेत. फसलेली गाडी काढली की लोक खुशीने म्हणतात, चला काका, बसा, नाटक पाहू. आणि काका बसतात. मला मात्र तिथेच रेतीत टाकून जातात.

दुपार कलली तेव्हा एक मेटाडोर पात्रात उतरली. रात्रीच्या नाटकाचीच कंपनी, गोंदियाहून निघालेली. ड्रायव्हर फुलचूरचा ओमेश, मिशी नुकतीच फुटलेली आणि आत्मविश्वास जुना. लोकांच्या चाकोऱ्या सोडून त्याने गाडी बाजूच्या गुळगुळीत रेतीत घातली. नवख्या माणसाला रेतीतला गुळगुळीत भाग फार आवडतो. तो गुळगुळीत असतो, कारण तिथून कधी कोणी गेलेलं नसतं.

मागची दोन्ही चाकं निम्मी आत गेली. गाडीतून माणसं उतरली. पांढरी पँट घातलेला, पोट पुढे आलेला कंपनीचा मॅनेजर दुलीचंद. नाटकात कडक बापाचं काम तोच करतो. त्याच्या मागे पुष्पांजली, नाटकातली मुलगी. वय मुलीचं नव्हतं, पण चालणं होतं. शिवाय तीन वाजवणारे.

"काका, जरा धक्का मारता का?" ओमेशने विचारलं.

"धक्क्यानं मानूस पडते गा, गाडी नाई निंगत," म्हणत बिसरामने मला बिजागरीतून उचकटलं. "सामान उतरवा आंधी."

दुलीचंद घड्याळ पाहत होता. "काका, जल्दी करो. दिवे लागायच्या आत स्टेजवर पोचलो नाही तर गेलो. दुसरी कंपनी तिथे तयार बसली आहे. हमारा मंडप उनको दे देंगे, और अगले साल बुलाएंगे भी नहीं."

हे ऐकून रुख्मिणीने हातातलं तणस खाली टाकलं.

पडदे उतरले, भोंगे उतरले, तबला आणि हार्मोनियम उतरले. राहिला एक पेटारा. लाकडी, लोखंडी पट्ट्यांचा, त्यात मुकुट, तलवारी, शालू, सगळ्या नाटकांचा संसार. चार जणांशिवाय हलत नाही, आणि नेमका मागच्या चाकांवर बसलेला.

"हाच तं वजनाचा हाय," बिसराम म्हणाला.

"वो नीचे नहीं उतरेगा," दुलीचंद म्हणाला. "आमच्या कंपनीचा रिवाज आहे. गोंदियात नारळ फोडून पेटारा गाडीत चढवला की उतरायचा तो थेट स्टेजवर. मध्ये जमिनीला लागला की नाटक पडतं. एक बार तिरोडा में फाटकावर उतरवला होता. उस रात हिरो मरता मरता त्याची मिशी निघून आली. मरायच्या आधी त्याने ती परत चिकटवली. पब्लिक अजून हसते."

"मंग बसा मिशी धरून," बिसराम म्हणाला. पण मॅनेजर हलेना. शेवटी पेटाऱ्यासकट काढून पाहू असं ठरलं. रेती ओढली, पाणी टाकलं, मला लावलं.

"मांगं उभे नका राहू," बिसरामने बजावलं.

दुलीचंद मागेच उभा राहिला. मॅनेजर माणूस, गाडी आपल्या देखरेखीशिवाय निघेल कशी?

"अंडं हाय, अंडं," बिसराम ओरडत होता. ओमेशने त्या अंड्याचं आमलेट केलं. चाक गरगरलं आणि मी सुटलो. इतका देखणा सुटलो की काय सांगू. मॅनेजरच्या उजव्या नडगीवर जाऊन थांबलो. तो रेतीत बसला आणि त्याने हिंदी, मराठी, पोवारी अशा तिन्ही भाषांत माझी आठवण काढली.

पण हसू फार टिकलं नाही. चाकं आता पार धुऱ्यापर्यंत, म्हणजे आसापर्यंत, गेली होती. ऊन पिवळं झालं होतं. पलीकडून भोंग्यावर कोणीतरी कंपनीचं नाव घेऊन विचारत होतं, कुठे आहात. माझी खोडी ठीक आहे, पण या गाडीत नाटक होतं, आणि ते रुख्मिणी अकरा वर्षं मागत होती.

तेवढ्यात रुख्मिणी घागर घेऊन आली. मॅनेजरच्या पायावर पाणी ओतता ओतता तिने विचारलं, "मॅनेजर, स्टेज म्हंजे काय असते?"

"क्या मतलब?"

"म्हंजे पेटाऱ्याले कसं समजते का स्टेज आला?"

दुलीचंदला असला प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो बोटांवर मोजू लागला. "मागे पडदा पाहिजे. नटेश्वराची पूजा झाली पाहिजे. समोर पब्लिक पाहिजे. और पहला प्रवेश शुरू."

"पडदा तुमच्यापासी हाय. उदबत्ती माह्यापासी हाय. पब्लिक मी हावो."

"एक बाई म्हणजे पब्लिक?"

"तिकडं दोन हजार हायेत, पन ते तं तुमाले सोडून दुसऱ्याले पाहाले बसलेत," रुख्मिणी म्हणाली. "इकडं एक हाय, पन तुमाले पाहाले."

पुष्पांजली हसली आणि तिने पदर खोचला. "मॅनेजर, मावशी बरोबर बोलून राहिल्या. लावा पडदा."

राखणीच्या मचाणाला राजवाड्याचा पडदा बांधला. समोर टरबुजाचे वेल, पाठीमागे खांबांचा महाल. रुख्मिणीने उदबत्ती खोचली, टरबूज अजून पिकलं नव्हतं म्हणून हिरवंच एक नटेश्वराच्या नावाने ठेवलं. मग चौघांनी पेटारा उचलला आणि पडद्यापुढे टेकवला. टेकवताना दुलीचंदने डोळे मिटून घेतले होते. आभाळ कोसळलं नाही तेव्हा एक उघडला.

"झाली पूजा. एक वाक्य बोलतो आणि संपवतो," तो म्हणाला.

"एका वाक्याचा कोठी प्रवेश असते?" रुख्मिणी वेलांच्या मध्ये मांडी घालून बसली. "पेटाऱ्याले फसवता का?"

मग काय करतो? तिकडे बिसराम आणि ओमेश धुऱ्याखालची रेती ओढत होते आणि इकडे नाटक सुरू झालं. मॅनेजर नडगीमुळे बसूनच बोलत होता, त्यामुळे कडक बाप आणखीच कडक वाटत होता. बापाने हाकललेली मुलगी सात वर्षांनी आईला शेवटचं पाहायला येते, असा तो प्रवेश. पुष्पांजलीच्या हातात बॅग म्हणून तबल्याची पिशवी होती. पण ती 'आई' म्हणाली तेव्हा रेती ओढणारा ओमेशही थांबला, आणि बिसरामने त्याच्या डोक्यावर टपली मारली. रुख्मिणीकडे मी पाहिलं. तिने पदर तोंडात धरला होता. डुकरं त्या घटकेला आली असती तर तिला कळलंही नसतं.

"बस आता गाडीत," बिसरामने ओमेशला सांगितलं. "चप्पल काढ. उघड्या पायानं दाब, मंग समजते."

मला पुन्हा लावलं. चाकांची हवा सोडलेली, पेटारा उतरलेला, रेती ओली. ओमेशने खरंच उघडा पाय ठेवला. चाक माझ्या अंगावर हळूच चढलं, जसं म्हातारं माणूस पायरी चढतं. माझ्या मधोमध काहीतरी कडकडलं. सुटावं असं मनात आलं होतं, सवयीचा गुलाम आहे मी. पण तिथून पडदा दिसत होता, म्हणून दात आवळून पडून राहिलो.

"या उंबरठ्याच्या आत पाऊल ठेवलंस," दुलीचंद गरजत होता, "तर..."

आणि गाडी वर आली. ओमेशने आनंदाने हॉर्न दाबला. क्षणात बाप लंगडत उठला, मुलीने पिशवी तबलेवाल्याकडे फेकली, राजवाडा गुंडाळला गेला. पेटारा चढला.

"तं काय?" रुख्मिणी अजून मांडी घालूनच होती.

"क्या तं काय?"

"पाऊल ठेवलं तं काय?"

"ते रात्री स्टेजवर, मौसी," दुलीचंद म्हणाला आणि हवा भरायच्या पंपाकडे लंगडत गेला.

ती गाडी मीच काढली असं मी सगळ्यांना सांगतो. तुम्हीही तसंच सांगा. माझी आजची हालत म्हणाल तर मधून वरपासून खालपर्यंत चीर आहे. पुढे बिसरामने लोखंडाच्या दोन पट्ट्या ठोकल्या, त्यामुळे मी आता पेटाऱ्यासारखा दिसतो. वजन वाढलं, अक्कल तेवढीच राहिली. अजून पाच-सहा पट मी सहज पाहीन, मला काळजी नाही. तुम्हाला एकच विनंती, रेतीत गुळगुळीत दिसेल तिथे गाडी घालू नका. घातलीच, तर माझ्या मागे उभे राहू नका. नाही, थांबा. राहा उभे. म्हातारपणी मला दुसरी करमणूक काय आहे?

पण त्या संध्याकाळचं शेवटचं सांगायचं राहिलं. चाकांत हवा भरली. सूर्य अजून झाडांवर हातभर होता, गाडी वेळेत पोचणार होती. दुलीचंदने नेहमीप्रमाणे म्हटलं, "चलो काका, नाटक देखने बैठो गाडी में." बिसरामने मला खांद्यावरून उतरवून रेतीत ठेवलं, धोतराची रेती झटकली, आणि वळून पाहतो तर पुढच्या सीटवर पुष्पांजलीच्या शेजारी रुख्मिणी बसलेली. हातपाय धुतलेले, डोक्यावर पदर.

"कोठी चालली व?"

"बाप काय करते ते पाहाले."

"अना वाडी?"

"तुमी हा ना."

ओमेशने गाडी सुरू केली, यावेळी अगदी अंड्यावर पाय ठेवल्यासारखी. बिसराम दोन पावलं गाडीसोबत चालला. मला चीर गेली होती, खोपडीला दार नव्हतं, आणि हे सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"मी एकटा," तो म्हणाला. "दारही नाई. रातच्याले डुकरं आले तं?"

रुख्मिणीने खिडकीतून मान बाहेर काढली.

"आले तं बसवा त्यायले. अकरा वर्सं मी बसली, ते एक रात बसतीन."